खिंडीपलीकडचं कुरण

वरच्या कुरणाकडं निघालेल्या ट्रकच्या चाकावर पाय देऊन उमसुनाय वर चढायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. उजव्या बरगडीखाली सुरी फिरल्यागत कळ आली. फळीला धरून ती तोकडे तोकडे श्वास घेत राहिली.

तोकतोसूननं लेकीला अलगद खाली घेतलं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, विसरलीस? फुप्फुसाभोवतीचं पाणी आत्ता कुठं ओसरलंय. या ल्युपसच्या दुखण्याला ऊन चालत नाही. आणि वर हवा विरळ."

"वरच तर माझा श्वास मोकळा होतो, बाबा."

"व्हायचा," तो बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली.

जन्मल्यापासून एकही उन्हाळा तिनं खाली गावात काढला नव्हता. गेल्या साली तर खोगिराशिवाय घोडीवर बसून ती उतारभर शिंगरं हाकत होती. आता गोळ्यांनी तोंड सुजलं होतं, दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले होते.

"बरंच झालं," कुबातकाका यर्टचे, त्यांच्या लोकरी तंबूचे, वासे ट्रकवर बांधता बांधता म्हणाला. "दरसाली सगळी साय हीच चाटूनपुसून खाते. औंदा आमच्या तोंडी तरी लागेल."

उमसुनाय हसली. हसतानाही तिनं बरगडी दाबून धरली होती.

ते पाहून तोकतोसूननं आपलं खोगीर ट्रकमधून उतरवलं.

"हे काय, दादा?"

"औंदा कळप तू ने."

"वीस वर्षांत कधी..."

"ने म्हटलं ना."

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. कुबात खिंडीवर पोचला होता. तिथून पुढं फोन लागत नसे. तो नुसता फोन हवेत धरून उभा राहिला असावा. टापा, शिट्ट्या, भणाणता वारा. बापलेक डोक्याला डोकं लावून ऐकत राहिले. मग आवाज तुटला.

उमसुनायनं डोळे मिटूनच घेतले.

"आता डावीकडं वळले असतील," ती दम घेत म्हणाली. "तिथं ओढा लागतो. पाणी इतकं गार, की दात शिवशिवतात."

"असं?" तोकतोसून तिच्या उशाशी सरकून बसला. "आणि त्याच्या पुढं काय लागतं गं?"