चुकीचा केक

डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या आमच्या ऑफिसात नवीन प्रोजेक्टची मांडामांड करण्यात प्रत्येकाचा अर्धा दिवस जायचा. म्हणून मी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. प्रोजेक्टचं नाव दिलं की फोल्डर, सेटिंग, सगळं चार मिनिटांत तयार. लोक खूश झाले.

सोमवारी माझी सहकारी बोडिल रडवेली होऊन माझ्या टेबलाशी आली. "माझं तीन आठवड्यांचं काम गेलं रे! जुन्याच नावाने तुझी स्क्रिप्ट चालवली आणि बघते तर जुनं फोल्डर रिकामं. सर्व्हरवर चढवायचंही राहिलं होतं. मीच काहीतरी भलतं दाबलं असणार."

"बघतो," एवढंच मी म्हणालो.

स्क्रिप्ट उघडली. त्याच नावाचं फोल्डर आधीपासून असेल तर न विचारता पुसून टाकायचं, अशी ओळ मीच घातली होती. ती गुपचूप काढली. बोडिलला सांगायला दोनदा उठलो आणि दोन्ही वेळा नुसती कॉफी घेऊन परत आलो.

आमच्याकडे ज्याची चूक, त्याने शुक्रवारी केक आणायचा. बोडिलने घरी भाजून आणला.

"आता चष्मा बदल, आजीबाई," आमच्याच ऑफिसातल्या प्रेबेनने तिला चिडवलं. सगळे हसले. तीही हसली. मीसुद्धा हसलो.

मग तिने केक कापला आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला.



"हा तुला. तुझी स्क्रिप्ट होती, म्हणून पुन्हा सुरुवात तरी लवकर करता आली."