अदबीचे अंतर

रविवारी सकाळी, साप्ताहिक सुट्टीमुळे दुकानाचे शटर खाली असताना, फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत बापलेकीचे लेन्सवरून जुंपले होते. लेक संध्याकाळच्या गाडीने सासरी परतणार होती आणि तिच्याबरोबर तिची अडीच वर्षांची चिमणीही. चिमणी पंधरवडाभर राहिली, घरभर नाचली, आजीच्या कुशीत झोपली; आजोबांकडे मात्र फिरकली नाही. ते दिसले की ती दाराआड व्हायची. मांडीवर नाही तर नाही, निदान फोटोत तरी नात आपल्या वाट्याला यावी, एवढीच आता त्यांची आस उरली होती.

"बाबा, जवळची लेन्स लावा ना," लेक म्हणाली. "एवढ्याशा खोलीत ही दुर्बीण कशाला?"

"दुर्बीण नव्हे, पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स," आजोबांनी दुरुस्ती केली. "लहान मुलांच्या चेहऱ्याला हिच्यासारखी दुसरी नाही. ही अदबीने अंतर राखते. नाक-गाल जिथल्या तिथे ठेवते, मागचा पसारा लोण्यासारखा वितळवते. तुझी ती पस्तीसची माणसाच्या अंगावर जाते आणि नाकाचा बटाटा करते. हा शास्त्राचा प्रश्न आहे, लाडाचा नव्हे."

शास्त्राला पुरावाही होता. गावातली निम्मी बाळे भिंतीवरच्या चौकटींतून हसत होती, आणि ती सगळी याच लेन्सने टिपलेली. रीतही ठरलेली होती. आजोबा दूर उभे राहायचे आणि त्यांच्या खांद्याशी आजी खुळखुळा घेऊन.

आजीने खुळखुळा वाजवला. चिमणी स्टुलावरून उतरली आणि धावत येऊन आजीला बिलगली. पुन्हा बसवली, पुन्हा धावली. इतक्या जवळचे त्या लेन्सला दिसेना. आजोबा मागे सरत गेले आणि दिव्याच्या खांबावर आदळले.

"आता भिंत पाडू या का?" लेकीने विचारले.

"मी दिसले की ही बसायची नाही," आजी म्हणाली. "मी आपली बाहेर जाते."

ती गेली. लेक चिमणीला मांडीवर घेऊन सतरंजीवर बसली. समोर एकटे आजोबा उरले. त्यांनी चुटक्या वाजवल्या. "बाळ, इकडे लक्ष दे," असे सुस्पष्ट बजावले. चिमणीने मान खाली घातली ती घातलीच. खोलीच्या त्या टोकावरून तिच्या डोक्याचा भोवरा तेवढा दिसत होता.

आजोबांनी निःश्वास सोडला, पस्तीसची लेन्स चढवली आणि गुडघे कुरकुरत असतानाही ते सतरंजीवर पालथे झाले. नातीच्या पायांशी सरकले. मग आयुष्यात प्रथमच, आणि अत्यंत शुद्ध उच्चारात, त्यांनी "म्याव" म्हटले.

चिमणीने मान वर केली. बराच वेळ निरखून पाहिले.

"हे मांजर नाही."

"मग कोण आहे?"

"आजोबा."

"कशावरून?" वादाची सवय जाते कुठे.

पुरावा म्हणून चिमणीने पुढे वाकून त्यांचा कान धरला आणि ती खळखळून हसली. आजोबांचे बोट बटणावर पडले.

आजीला आत बोलावण्यात आले. आजोबांनी तिच्यापुढे कॅमेरा धरला, आणि ती काही बोलण्याआधीच दोष मोजायला घेतले. "नाक फुगलंय. एक कान धूसर आहे. दिवा भलतीकडे. भिंतीवर लावण्याजोगा नाही हा."

आजीने चष्मा नीट केला. आधी तो फोटो पाहिला; मग भिंतीवरच्या चौकटी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अहो," ती म्हणाली, "ही इथली झाडून सगळी पोरं माझ्याकडे बघून हसतायत. तुमच्याकडे बघून हसलेली ही एकटीच."