तांब्याभर पाणी

इरम्मानं गळ्यातलं लिंग काढलं आणि मिसबाईंच्या टेबलावर, इंग्रजीच्या पुस्तकांशेजारी ठेवलं.

चांदीच्या डबीतलं ते लिंग. ती पाळण्यात असताना स्वामींनी बांधलेलं, पाच बाळंतपणांतही न उतरलेलं. लिंगायताचं लिंग त्याच्याबरोबर मातीतच जायचं, हे नळदुर्गाच्या रस्त्यावरच्या त्या गावात अकरा वर्षं काढलेल्या मिसबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या खुर्चीवरून उठून दोन पावलं मागं सरकल्या.

"हे घ्या," इरम्मा म्हणाली. "आता म्या तुमच्या देवाची. तेवढं पाणी घाला माज्यावर. आन् बंडप्पाला सोडवून आणा."

बंडप्पा तिचा थोरला. आठ दिवसांपूर्वी निजामाच्या पोलिसांनी त्याला घरातून उचललं होतं. गुन्हा काय, तर सोलापूरहून येणारं मिसबाईंचं शिळं इंग्रजी वर्तमानपत्र तो पारावर बसून लोकांना मराठीत सांगायचा. त्याला इंग्रजी शिकवलं होतं मिसबाईंनीच, आणि वाचून झालेली वर्तमानपत्रंही त्यांनीच हौसेनं दिली होती. आज दिवस मावळायच्या आत त्याला मोटारीनं गुलबर्ग्याच्या तुरुंगात नेणार होते. तिथून माणूस कधी परत येतो, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं.

मिसबाई विलायतेतून आपल्या खुशीनं आल्या होत्या. पगार नाही, कुणाची सक्ती नाही. मुलांना इंग्रजी शिकवावं आणि येशूचं नाव सांगावं, एवढंच मनात. इंग्रजी गाव शिकलं. येशूचं म्हणाल तर गोष्ट मन लावून ऐकायचं, 'लई चांगला माणूस' म्हणायचं आणि उठून महादेवाच्या देवळाकडं चालू लागायचं. दर नाताळात मिशनचं पत्र यायचं, यंदा येशूकडे किती आले? उत्तरात मिसबाई शाळेच्या छपराबद्दल लिहायच्या. अकरा वर्षांत एक माणूस आलं नव्हतं. आज आलं, तर त्यांचा हात पुढं होईना.

"घ्या की बाई," दारात उभी असलेली शांताक्का हळूच म्हणाली. ती त्यांची स्वयंपाकीण, सोलापूरची, जन्मापासून ख्रिस्ती. "इतकी वर्सं वाट बघितलाव. देवानं धाडलंय."

"देवानं नाही, पोलिसांनी धाडलंय," मिसबाई म्हणाल्या आणि इरम्माकडे वळल्या. "इरम्मा, ते गळ्यात घाला. मी दोनदा अमीनसाहेबांना भेटून आले. पोलीस त्यांच्या हुकमात. माझ्या हातात काही नाही."

"कसं न्हाय? म्या खिडकीतनं बघितलंय. तुमी आत गेलाव की अमीन खुर्चीवरनं उठला. आमच्या पाटलाला त्यो दोन-दोन तास उभं ठिवतो. तुमाला खुर्ची दिली, च्या दिला."

"तो उठतो, इरम्मा. ऐकत नाही."

इरम्माला ते पटेना. ज्याला बघून अमीन उठतो त्याचं अमीन ऐकत नाही, असं कुठं असतं का? गावालाही ते पटलेलं नव्हतं. मिसबाईंनी मनावर घेतलं तर बंडप्पा उद्या घरी येईल. पण त्या का मनावर घेतील? तो काय त्यांच्या देवाचा होता? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्या कितीही सांगोत. गावानं आड भरलेला बघितला होता.

मिसबाईंना रडू येऊ लागलं. बाप्तिस्म्याचं पाणी घालावं, तर फसवून या बाईचा देव काढून घेतल्यासारखं. न घालावं, तर ती जन्मभर म्हणणार की यांनी जाणूनबुजून माझा मुलगा जाऊ दिला.

"मी पाणी घातलं तरी तो सुटणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि नाही घातलं तरी मी तुमच्याबरोबर येते. आत्ता येते. तुम्ही लिंग घाला गळ्यात."

"फुकट नगं," इरम्मा म्हणाली. "दोन बार फुकटच गेलाव, म्हणून तर काम झालं न्हाय."

टेबलावर पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता. मिसबाई "नको, नको" म्हणेपर्यंत इरम्मानं तो उचलला आणि आपल्याच डोक्यावर उपडा केला. कपाळावरचं भस्म ओघळून भुवयांपर्यंत आलं. ते तिनं पदरानं पुसून काढलं आणि तांब्या जागच्या जागी ठेवला.

"झालं," ती म्हणाली. "चला आता."

मिसबाईंनी छत्री घेतली. लिंगाला हात लावू नकोस, खोलीला कुलूप घाल, एवढंच त्यांनी शांताक्काला सांगितलं. वाटेनं इरम्मा पुढं आणि त्या मागं. नाल्याशी इरम्माचा पाय घसरला, तसा तिचा हात सवयीनं छातीशी गेला. तिथं काही नव्हतं. हात खाली घेऊन ती आणखी भराभरा चालू लागली.

कचेरीसमोर मोटार उभी होती आणि दोन शिपाई तिची चाकं बघत होते. उघड्या खिडकीतून अमीन दिसत होता. त्यानं मान वर केली, मिसबाईंना पाहिलं, टोपी सारखी केली आणि चहा आणायला शिपाई पिटाळून खुर्चीवरून उभा राहिला.

मिसबाईंचा पाय पायरीशीच अडला. इरम्मानं त्यांचा हात घट्ट धरला. ओल्या पदराखाली तिचा चेहरा उजळला होता.

"बघा की बाई," ती म्हणाली, "उठला!"