फॅमिली रूम

मधुकररावांनी निळा पडदा बाजूला धरला आणि पाहुण्यांना आत घेतलं. कळमेश्वरहून रुपराव आले होते, त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई आणि कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा गोविंदा. पंचफुलाबाई गादीच्या खुर्चीवर अगदी काठाला टेकल्या. कूलर घरघरत होता. टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर काटे-चमचे.

"आमची पुष्पलता येऊनच राहिली," मधुकरराव म्हणाले. "शेजारच्या शोभाताई घेऊन येतील तिला. तिची आईही येणार होती, पण तब्येत जरा..."

"उन्हाचं होते असं," रुपराव म्हणाले.

हे हॉटेल शोधायला मधुकररावांना अख्खा चैत्र लागला होता. सदर भागात एक पाहिलं, तिथे कार्डावरचे भाव वाचून ते नुसतं पाणी पिऊन उठले. महाल भागातलं उपाहारगृह स्वस्त होतं, पण तिथे बाकडी होती, आणि कोणी काय मागवलं ते साऱ्या हॉलला ऐकू जायचं. धरमपेठेत सगळं छान, फक्त आडोसा नाही. शेवटी बर्डीवरच्या बाजारात ही माडी सापडली. कारकुनाच्या खिशाला झेपेल असं कटलेट, आणि वर फॅमिली रूमचा थाट. आजकाल मुलगी हॉटेलातच दाखवतात, असं त्यांनी कळमेश्वरला कळवून टाकलं.

खरं कारण घरात होतं. त्यांची बायको प्रेमिला हिच्या ओठांवर आणि दोन्ही हातांवर कोड होतं. याआधी दोन स्थळं घरी येऊन गेली. दोन्ही वेळा बशीतले पोहे तसेच राहिले, चहावर साय धरली आणि पुढे निरोपच आला नाही. म्हणून आदल्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "तू नको येऊ वं. पोरीच्या भल्यासाठी म्हणतो." प्रेमिला "बरं" म्हणाली आणि लेकीच्या साडीला इस्त्री करत राहिली.

जिन्यावर चपला वाजल्या. पडदा सरला. पुष्पलता आत आली, आणि तिच्यामागे शोभाताई नव्हत्या. पदरात दोन्ही हात गुंडाळून प्रेमिला उभी होती.

मधुकररावांना उठायचंही सुचलं नाही.

"ही माही आई," पुष्पलता म्हणाली. कॉलेजात शिकलेली शुद्ध भाषा कुठच्या कुठे गेली होती. "आधी हिले पाहा. मंग मले."

रुपरावांनी मधुकररावांकडे पाहिलं. "तब्येत बरी नाही म्हणत होते ना तुम्ही?"

मधुकरराव टेबलावरचे चमचे सरळ करू लागले. उत्तर प्रेमिलानेच दिलं. "तब्येत चांगली हाय माही. हे कोड हाय ना, म्हणून येऊ नको म्हणत होते."

गोविंदा उठून उभा राहिला होता, तो आईकडे बघत होता. पंचफुलाबाई मात्र प्रेमिलाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आडून नाही, सरळ.

"मंग उभी काहून हायेस वं बाई?" त्या म्हणाल्या. "बस ना."

प्रेमिला त्यांच्या शेजारी बसली.

"कधीपासून हाय?"

"पुष्पी पोटात होती तवापासून."

"दुखते?"

"नाही. दुखत काहीच नाही."

पंचफुलाबाईंनी मान हलवली आणि त्या एकदम मधुकररावांकडे वळल्या. "यासाठी हॉटेल केलं होय तुमी? आन् तिकडं माही झोप उडाली ना! हॉटेलात पोरगी दाखवते म्हणजे लई फॅशनवाले लोक. आमच्या घरी गोठा, शेनाचा वास. ही पोरगी तिथं कशी राहीन? मी यांले म्हनत होती, जाऊच नका."

"एसटीत बसेपर्यंत म्हणत होती," रुपराव म्हणाले, आणि हसू लागले. त्यांचं हसू मोठं होतं, पलीकडच्या खोलीतली माणसं गप्प झाली.

"आई, आता तरी नीट बस," गोविंदा म्हणाला. पंचफुलाबाई मागे सरकून ऐसपैस बसल्या. पुष्पलताने डोळे पुसले, आणि गोविंदाने तिच्यासाठी खुर्ची ओढली.

कटलेट आलं. पंचफुलाबाईंनी काटा उलटसुलट करून पाहिला, बाजूला ठेवला आणि त्या सरळ हाताने खायला लागल्या. मधुकररावांच्या पाठीला सदरा चिकटला होता. तो सुटल्यासारखा वाटला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपल्या पोटात काही नाही. त्यांनी वेटरला हाक मारली. मग सगळ्यांच्या देखत, थोडं अडखळत, ते म्हणाले, "प्रेमिला, तू काय घेशील?"

"तुमी घ्याल तेच," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारी आम्ही घरी येतो," रुपराव म्हणाले. "बाकीचं बोलणं तिथंच करू. स्वयंपाक मात्र पोरीच्या आईच्याच हातचा पाहिजे."

प्रेमिलाने पाण्याच्या ग्लासासाठी पदरातला हात बाहेर काढला. पंचफुलाबाईंनी तो मनगटाशी धरला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवला. मधुकररावांचा घास तोंडातच राहिला.

"बांगड्या छान हायेत वं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "कुठं भरल्या? इथंच बर्डीवर?"