दाखल्यावरचं कारण

दत्ताराम पाष्टेला स्टेडियमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा त्याच्या अंगाचं तापमान एक्केचाळीस पूर्णांक आठ अंश होतं. मी ते दोनदा मोजलं. गुहागरहून या परक्या देशात आलेला हा वेल्डर भर दुपारी छतावर काम करत होता. तासाभरात तो गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर मी 'उष्माघात' लिहिलं. सरकारी अधिकाऱ्याने तो कागद हसत परत दिला.

"डॉक्टर, पुढच्या आठवड्यात स्पर्धेचं उद्घाटन आहे. इथं एकही कामगार दगावला नाही, असं खुद्द राष्ट्राध्यक्षांनी जगभरच्या पत्रकारांना सांगितलंय. 'हृदय बंद पडलं' लिहा, पेटी उद्याच्या विमानाने जाईल. 'उष्माघात' लिहिलंत तर चौकशी लागेल, आणि तीही स्पर्धा संपल्यावर. तोवर राहू दे त्याला शवागारात."

मी दत्तारामच्या बायकोला, सुगंधावहिनींना, फोनवर सगळं सांगितलं. "तुम्ही म्हणाल ते लिहीन," मी म्हणाले. चार दिवस त्या "सांगते" एवढंच म्हणत राहिल्या. मागून दीर ओरडायचा, "खरं तेच लिवा म्हणावं! त्यांचे खेळ व्हायचेत म्हणून आमचा माणूस खोटा मरायचा काय?" सासूबाई त्याला गप्प करायच्या, "मला आधी माझा पोरगा दिसू दे."

पाचव्या दिवशी वहिनींनी आपणहून फोन केला. मागे कुणाचाच आवाज नव्हता.

"डॉक्टरीणबाई, ते उन्हानंच गेले, हे तुमाला ठाऊक हाय नि मलापण," त्या म्हणाल्या. "पण हृदयाचं लिवा. त्यांना घरी पाठवा."