दोरीचं दुसरं टोक

बाविसाव्या मैलाच्या पाटीपाशी लेनर्टच्या उजव्या पोटरीत गोळा आला. गेला मैलभर पोटरी आखडत असूनही तो रेटत होता, आता पायच टेकेना. तो थांबला तशी दोघांच्या हातांमधली दोरी ताणली गेली आणि टिल्डाही थांबली.

"तुझी चाल केव्हाची बिघडलीय," ती म्हणाली. "ऐकू येत होतं मला. कुठे धरलंय?"

"पोटरीत. एक मिनिट दे."

टिल्डा त्याची धाकटी बहीण, बेचाळीस वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. सरोवराकाठच्या याच रस्त्यावर भावाच्या सोबतीने ती तीनदा मॅरेथॉन पळाली होती, आणि तिन्ही वेळा चार तासांवर पाच-दहा मिनिटं गेली होती. आज तिच्या मनगटावरचं बोलकं घड्याळ आत्ताच सांगून गेलं होतं: तीन तास बावीस मिनिटं. उरले सव्वाचार मैल, आणि चार तासांच्या आत पोचायला हातात अडतीस मिनिटं.

लेनर्ट पदपथाच्या कडेला बसला. पोटरी दगडासारखी झाली होती आणि कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. त्याने पंजा स्वतःकडे ओढून धरला. गोळा सुटल्यासारखा वाटला म्हणून तो उठला, दोन पावलं टाकली आणि पुन्हा खाली आदळला.

"पाणी कधी प्यायलास?" टिल्डाने विचारलं.

तो पोटरी चोळत राहिला.

"लेनर्ट, मी काय विचारतेय?"

"आठव्या मैलाला."

"आणि मला प्रत्येक टेबलावर पाजलंस."

"एका हातात दोरी, दुसऱ्यात तुझा पेला. तिसरा हात कुठून आणू?"

"थांबून प्यायचं. गेल्या वर्षीच मी म्हणाले होते."

"थांबलं की वेळ जातो."

"आता काय होतंय?"

लोक बाजूने पळत चालले होते. प्रत्येकाच्या पावलांबरोबर टिल्डाची मान किंचित वळत होती. ती जागच्या जागी पाय हलवत राहिली. थंड झाली तर तिचेही पाय धरतील हे दोघांनाही माहीत होतं.

हिरवी टोपी घातलेली एक बाई धापा टाकत त्यांच्यापाशी थांबली. "मी ओडेट. विनिपेगहून आलेय. दहाव्या मैलापासून तुमच्या मागेच आहे. मी घेऊ का दोरी?"

"नको," लेनर्ट म्हणाला. "तिला दुसऱ्या कुणाची सवय नाही."

"ओडेट, तुमची वेळ जाईल," टिल्डा म्हणाली.

"माझी सकाळीच गेली. आता नुसती पोचायचं म्हणून पळतेय."

"नियमात बसणार नाही," लेनर्ट म्हणाला.

"नियम एवढाच आहे, की दोरीचं दुसरं टोक पळणाऱ्याच्या हातात हवं," टिल्डा म्हणाली. "तू बसलायस."

ओडेटने हात पुढे केला. लेनर्टने दोरी काढली, पण टोक सोडलं नाही. "चढ संपला की रेल्वेचे रूळ आहेत. चार पावलं आधी सांगा, दोन नाही, चार. उजवीकडून कुणी घासून गेलं तर ती दचकते. आणि हात ओढायचा नाही, नुसता..."

"लेनर्ट," टिल्डा म्हणाली, "सोड."

त्याने सोडलं.

दोघी निघाल्या. पहिल्या काही पावलांत त्यांचे हात एकमेकांवर आपटले, दोरी कधी ढिली पडे, कधी ताणली जाई. लेनर्ट गुडघ्यावर उठून ओरडला, "चार पावलं!" कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मागच्या अंगणात एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. ती बरणी घेऊन उठली आणि तिने त्याच्या तोंडासमोर प्लास्टिकचा पेला धरला. "पी. काकडीच्या लोणच्याचं पाणी आहे."

"याने काय होतं?"

"मीठ कमी पडतं म्हणून गोळा येतो का स्नायू दमतात म्हणून, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. या चढाखाली दरवर्षी दहाबारा जण पडतात. मी हे पाजते, ते उठतात."

त्याने एका घोटात पेला संपवला. आंबट-खारट झणका नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. ते पुसतच तो चढाकडे बघत राहिला. टिल्डाचा नारिंगी सदरा आणि बाजूला हिरवी टोपी चढाच्या मध्यावर पोचली होती. आता हात आपटत नव्हते. त्यांनी एका माणसाला मागे टाकलं, मग घोळक्यातल्या तिघांना.

लेनर्टला वाटलं, ही चुकतेय, या वेगाने चढली तर पुढे दम संपेल. गेली तीन वर्षं तो चढावर तिला आवरून धरत आला होता. लोक विचारत तेव्हा सांगायचा, तिला जपून न्यावं लागतं.

चढाच्या माथ्यावर ओडेटने मान वळवून काहीतरी सांगितलं. लेनर्टने श्वास रोखला. पुढच्याच क्षणी दोघींची पावलं एकदम उचलली गेली, रुळांवरून पलीकडे पडली, आणि वेग कणभरही कमी झाला नाही.

"सुटला का गोळा?" म्हातारीने विचारलं.

त्याने पोटरी चाचपून पाहिली. ती मऊ झाली होती. तो उभा राहिला, टाच टेकवली, चवड्यावर उठून पाहिलं. पाय धरत नव्हता.

"मग जा की. अजून गाठशील."

माथ्यावर आता दुसरीच माणसं होती. लेनर्ट पुन्हा कडेला बसला आणि त्याने रिकामा पेला म्हातारीसमोर धरला.

"नाही गाठणार," तो म्हणाला. "ती माझ्यापेक्षा जोरात पळते."