गेल्या वर्षीच्या तुलनेत

इकितोसच्या ओळीतला आकडा लाल झाला होता. उणे बहात्तर टक्के.

वीस टक्क्यांहून जास्त घट असली की शाखेकडून कारण लिहून घ्यायचं, असा ऑक्सिजन कंपनीचा नियम. लीमाच्या कचेरीत बसून असे अहवाल करणाऱ्या नेलिदाने नदीकाठच्या इकितोस शहरातलं कोठार सांभाळणाऱ्या सोराइदाबाईंना फोन लावला.

"सोराइदाबाई, गेल्या वर्षी मे महिन्यात अठराशे चाळीस सिलेंडर गेले, यंदा पाचशे पंधरा. कारण काय लिहू?"

"लिही, यंदा माणसं आपापला श्वास आपणच घेताहेत." सोराइदाबाई हसल्या. "आणि तुझ्या त्या इंजिनिअरला सांग, एवढी विक्री हवी असेल तर गेल्या वर्षीची साथ पाठवून दे म्हणावं पुन्हा!"

नेलिदाने साथीच्या आधीचं वर्ष काढलं. तेव्हा चारशे अठ्ठ्याण्णव होते. म्हणजे यंदा तीन टक्के वाढच. कागद घेऊन ती शाखांचा कारभार पाहणाऱ्या इंजिनिअर बारांतेसकडे गेली.

"तुलना गेल्या वर्षाशीच होते, नेलिदा. सोयीचं वर्ष शोधायला निघालं तर प्रत्येकाला सापडतं." त्याने कागद न उचलताच परत सरकवला. "इकितोसचं कोठार जूनअखेर बंद. सिलेंडर पुकाल्पाहून बोटीने पाठवू."

"साहेब, तिथे रस्ता नाही. बोटीला चार दिवस लागतात."

"लागू देत. यंदा घाई कुणाला आहे?"

जागेवर येऊन तिने पुन्हा फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे नदीवरच्या बोटींची घरघर ऐकू येत होती.

"साहेब तुलना बदलणार नाहीत म्हणतेस?"

"नाही, बाई."

"मग एक कर, पोरी. गेल्या वर्षातून चौदा सिलेंडर कमी कर. ते काही गिऱ्हाइकाला गेले नव्हते, माझ्याच घरी गेले होते. अकरा माझ्या लेकाला, मोइसेसला, तीन आईला. मोइसेसचा अकरावा अर्धाच संपला. आईचा तिसरा तर उघडलाच नाही. ते परत आणून ठेवले मी, पण नोंद तशीच राहिली. कुणाला सुचत होतं तेव्हा? तेवढे काढलेस तर गेलं वर्ष जरा लहान होईल ना गं?"

नेलिदाने आधी अकरा वजा केले. मग तीन. पडद्यावर अपूर्णांक दिसत नसत, टक्का पूर्ण आकड्यातच यायचा. तो जिथे होता तिथेच राहिला.

तिने पुन्हा एकदा करून पाहिलं.

"झालं का गं?" तिकडून सोराइदाबाईंनी विचारलं. "हलला का?"